लिओचा घास आणि आमच्या आर्लनची जागा

गेल्या महिन्यात काउंटीच्या जत्रेत जुन्या पुढाऱ्यांचा सत्कार झाला, म्हणून आमच्या गावच्या साप्ताहिकाने माझ्या भावावर साडेतीन ओळी छापल्या. आर्लन बूनस्ट्रा, शेतकरी. नऊ वर्षं शाळा बोर्ड, आठ वर्षं काउंटी बोर्ड, सहा वर्षं राज्याच्या विधानसभेत. सिनेटच्या उमेदवारीसाठी एकदा प्रयत्न, अयशस्वी. संपलं. त्याच पानावर एका भोपळ्याला सहा ओळी दिल्या होत्या.

मी त्याचा थोरला भाऊ, गॅरिट. वय ब्याऐंशी. माझी शाळा दहावीपर्यंत, तीही पुरती नाही. लिहायची सवय नाही, बोलायची आहे. तेव्हा बोलतो तसंच लिहितोय. तो 'अयशस्वी' शब्द ज्याने लिहिला तो पोरगा तेव्हा शाळेतही जात नव्हता. मी तिथे होतो. नुसता होतो असं नाही, त्या पराभवात माझाही हात आहे.

पण आधी आर्लन कसा घडला ते सांगतो, कारण तो मी घडवला.

सन चोपन्नमध्ये बापाचा उजवा हात मका काढायच्या यंत्रात गेला. कोपरापासून. मी सोळा वर्षांचा, आर्लन दहाचा. दुसऱ्याच दिवशी मी पुस्तकं शाळेत परत दिली. मास्तर म्हणाले, "वर्ष तरी पुरं कर." म्हटलं, "गाई थांबत नाहीत." एकशे साठ एकर, बावीस गाई आणि डुकरं, सगळं मी ओढलं. आर्लनला मात्र मी ट्रॅक्टरला हात लावू दिला नाही तोवर, जोवर अभ्यास होत नाही. बाप म्हणायचा, "दोघांनी केलं तर लवकर होईल." मी म्हणायचो, "एकाने तरी शिकलेलं असावं, उद्या कागदावर सही करायची वेळ आली तर." गावातला दुसरा कोणता भाऊ असं करील, दाखवा मला.

तर तो कॉलेजात गेला. चार वर्षांनी परत आला तो टाय लावून, आणि दुसऱ्या दिवशी डुकरांच्या गोठ्यात शेण उचलायला उभा. हे महत्त्वाचं. पुष्कळ पोरं शिकली ती परत आली नाहीत.

त्याचं पहिलं भाषण मी ऐकलंय. त्याच गोठ्यात. शाळा बोर्डाला उभा राहिला तेव्हा तो डुकरांसमोर पाठ म्हणत होता आणि मी दाराआड. शेवटी मी म्हटलं, "अरे, एकसुद्धा हललं नाही." तो म्हणाला, "उठून गेलं नाही ना कुणी? मग चांगलं झालं." पुढे विधानसभेतही तो हाच हिशेब लावायचा.

आता आमच्याकडे रविवार म्हणजे काय ते बाहेरच्यांना समजत नाही. आमचे आजे हॉलंडमधून आले ते रविवार बरोबर घेऊनच आले. सकाळी चर्च, संध्याकाळी पुन्हा चर्च. मध्ये शनिवारीच करून ठेवलेलं जेवण आणि झोप. बटाटे शनिवारी सोलायचे. गवत कापायचं नाही, कपडे वाळत घालायचे नाहीत. गाईंचं दूध काढायचं, गाय अडली तर हात घालायचा, कारण ते दयेचं काम. शेतात यंत्र घालणं दयेत बसत नाही. पीक डोळ्यांसमोर भिजलं तर भिजू द्यायचं आणि सोमवारी तोंडातून ब्र काढायचा नाही.

सत्त्याहत्तर साली शाळेच्या वाद्यवृंदाची राज्य स्पर्धा नेमकी रविवारी आली. पोरं वर्षभर घासत होती. आईबाप बोर्डात येऊन रडले. आर्लन उभा राहिला, "शाळेची बस रविवारी सुटणार नाही. आपली पोरं इतकी चांगली वाजवतात ना? मग सोमवारीही चांगलीच वाजवतील." त्याची स्वतःची पुतणी, म्हणजे माझी मुलगी, त्यात कर्णा वाजवायची. आठवडाभर ती काकाशी बोलली नाही. पण बस सुटली नाही. तेव्हापासून त्याचं नाव पडलं, रविवारवाला बूनस्ट्रा. कुणी प्रेमाने म्हणे, कुणी दात खाऊन. मी छाती पुढे काढून म्हणायचो.

तो रिपब्लिकन होता हे सांगायलाच नको, आमच्याकडे कुत्रीसुद्धा रिपब्लिकन. पण त्याचा कर्मठपणा वेगळा. लोकांचा पैसा खर्च करायची वेळ आली की तो आधी 'नाही' म्हणायचा, मग कागद वाचायचा. आमच्याच गावाच्या जुन्या गिरणीचं संग्रहालय करायचं ठरलं, राज्याकडून मदत येणार होती. आर्लनने राजधानीत उभं राहून त्याविरुद्ध मत दिलं. आपल्याच गावाविरुद्ध! मी फोनवर ओरडलो, "तुला निवडून कुणी दिलंय, गिरणीवाल्यांनी की दुसऱ्या कुणी?" तो म्हणाला, "गॅरिट, गिरणी आपली आहे. राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाने ती का रंगवायची?" नंतर मात्र तीन उन्हाळे तो दर गुरुवारी तिथे हातोडा घेऊन फळ्या ठोकत होता. लोकांनी आधी शिव्या दिल्या, मग एकेक जण हातोडा घेऊन आला. त्या गिरणीत आज पाटी आहे, त्यावर त्याचं नाव नाही. माझंही नाही, आणि सगळं छत मी बसवलंय.

डे मॉइनला, म्हणजे राज्याच्या राजधानीला, जाताना तो घरून जेवणाचा डबा न्यायचा. हॅमचे पाव, दोन सफरचंदं. मोठ्या मोठ्या कंपन्यांची माणसं आमदारांना जेवायला न्यायची, हा पायरीवर बसून पाव खायचा. एक जण चेष्टेत म्हणाला, "बूनस्ट्रा, स्टेक खाल्लास तर तुझं मत विकलं जाईल का?" हा म्हणाला, "मत नाही, पण तुझं बोलणं ऐकून घ्यावं लागेल."

आता मुद्द्यावर येतो.

दोन हजार दोन साली मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या. आर्लनची विधानसभेची जागा दुसऱ्या एकाच्या जागेत विरघळली, आणि शेजारी सिनेटची जागा मोकळी झाली. सिनेट म्हणजे राज्याचंच वरचं सभागृह, पन्नास माणसं, चार वर्षं. तिथे गेला असता तर शेतीच्या समितीचा अध्यक्षच झाला असता, पक्षाच्या लोकांनी तसं सांगितलं होतं. नाही तर घरी. मधलं काही नाही. आणि आमच्या भागात नोव्हेंबरची निवडणूक नुसती नावाला असते. खरा निकाल जूनमध्ये, पक्षातल्या पक्षात लागतो. तारीख चार जून, मंगळवार.

समोर कर्ट हेवरकॅम्प. टायरच्या दुकानाचा मालक, अडतीस वर्षांचा, आमच्याच चर्चपंथाचा. वाईट पोरगा नाही. हसरा. त्याचे टायर मी वापरतो. पण त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तो म्हणत फिरायचा, "बूनस्ट्रांनी खूप केलं, आता त्यांना विश्रांती देऊ या." आर्लन अठ्ठावन्नचा होता. म्हणे विश्रांती!

तेव्हा आमच्या हद्दीपलीकडे, तीन मैलांवर लिओ कोलाश राहायचा. कॅथलिक, आणि वर डेमोक्रॅट. म्हणजे दोन्हीकडून गेलेला. पण माणूस सोन्यासारखा. मे महिन्यात त्याच्या हृदयाचं मोठं ऑपरेशन झालं, सू सिटीच्या हॉस्पिटलात पडून होता. बायको रोझमेरी दिराला घेऊन गाई सांभाळत होती. बारा एकर लसूणघास कापायला आला होता. आर्लन हॉस्पिटलात गेला आणि लिओला म्हणाला, "घासाची चिंता करू नकोस. कापतो मी, आणि शनिवारी गठ्ठे बांधून टाकतो." मतासाठी नाही. लिओचं मत आर्लनला मिळणार नव्हतं, तो दुसऱ्या पक्षाचा.

बुधवारी आर्लनने घास कापला. शुक्रवारी त्याच्या ओळी लावल्या. शनिवारी दुपारी वाळून खणखणीत झाला. गठ्ठे बांधायचं यंत्र माझं होतं, म्हणजे बेलर, मोठे गोल गठ्ठे करणारा. आर्लनचा मोडलेला होता. मी शनिवारी सकाळीच ट्रॅक्टरला बेलर जोडून ठेवला.

तो आलाच नाही.

शनिवारी काउंटीच्या गावात पक्षाचा मेळावा होता. राजधानीतून एक मोठं धेंड आलं होतं आणि त्याची ओळख करून द्यायला आर्लनला सांगितलं होतं. दहा मिनिटांचं काम. मग धेंडाचं भाषण झालं, मग परेड, मग धेंड म्हणालं, "बूनस्ट्रा, जेवायला माझ्या शेजारी बसा." आणि आयुष्यभर पायरीवर बसून पाव खाणारा माझा भाऊ त्या दिवशी बसला. मंगळवारची निवडणूक डोक्यात होती. घरी आला तेव्हा घासावर दव पडलेलं.

रविवारी सकाळी चर्चमध्ये पाळक काय बोलले ते मला आठवत नाही. मला आर्लनची मान आठवते. तो माझ्या पुढच्या बाकावर बसायचा, आणि सारखा खिडकीकडे बघत होता. पश्चिमेला ढग चढत होते. रेडिओवर सांगितलं होतं, संध्याकाळपासून दोन दिवस पाऊस. वाळलेला लसूणघास भिजला की पानं काळी पडतात, गळतात, गुरं तोंड लावत नाहीत.

जेवण झालं. रविवारी दुपारी आमच्या भागात एकच आवाज असतो, घोरण्याचा. मी त्यातच होतो. एकदम माझ्या ट्रॅक्टरचा आवाज आला. आपल्या ट्रॅक्टरचा आवाज माणूस झोपेतही ओळखतो. वाटलं, चोर. मोज्यांवरच बाहेर पळालो.

ट्रॅक्टरवर आर्लन. चर्चची पँट, वर माझा शेडमधला जुना शर्ट, डोक्यावर माझी टोपी.

"आर्लन! अरे, रविवार आहे!"

"माहीत आहे मला."

"डोकं फिरलंय का तुझं? परवा मतदान आहे!"

"म्हणून तर काल लिओकडे गेलो नाही ना. आता सर पुढून."

"खाली उतर. मी बांधतो. मला परवा कुणाचं मत नकोय."

"तू चर्चचा पंच आहेस, गॅरिट, नियम मोडणाऱ्यांना जाब विचारणारा. आणि शब्द मी दिलाय, तू नाही. जा, झोप. तू मला पाहिलं नाहीस."

आणि गेला. मी अंगणात मोज्यांवर उभा. मागून थेल्मा, माझी बायको, जाळीच्या दाराशी आली. म्हणाली, "कोण होतं?" म्हटलं, "कुणी नाही." ती म्हणाली, "कुणी नाहीने तुमचा बेलर नेला वाटतं." आणि दार लावून आत गेली.

चार वाजता पहिले थेंब पडले. संध्याकाळच्या प्रार्थनेला आर्लन आपल्या जागेवर होता, कोट घालून, भांग पाडून. कानामागे घासाचं एक पान चिकटलेलं. मी मागून हात लांब करून ते उचललं आणि खिशात टाकलं. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

सोमवारी धो धो पाऊस. शेतात कुणी जाऊ शकत नव्हतं, म्हणजे सगळे शेतकरी धान्य सोसायटीत कॉफीच्या टेबलाभोवती. वीसेक माणसं. मी आत गेलो आणि बोलणं थांबलं. बोलणं थांबलं की समजायचं आपल्यावरच चाललं होतं.

मार्व टिल्स्ट्रा हा आमच्याकडचा तोंडाळ. त्यानेच सुरुवात केली. "काय गॅरिट, झोप झाली का काल दुपारी?"

"झाली. तुला काय त्याचं?"

"नाही, कर्टची आत्या काल नर्सिंग होममध्ये बहिणीला भेटायला चालली होती. कोलाशच्या शेतात एक बेलर दिसला म्हणे तिला. चालू. त्यावर एक बूनस्ट्रा."

"मागून दिसला," दुसरा म्हणाला. "मागून सगळे बूनस्ट्रा सारखेच. ढुंगण नाहीच."

हसले सगळे. मग मार्व म्हणाला, "बेलर तर तुझा, टोपी तुझी. पण आत्या म्हणते, बसायची ढब आर्लनची. आता बाबा, तूच सांग. कारण रविवारवाला बूनस्ट्रा रविवारी कॅथलिकाचे गठ्ठे बांधत असेल, तर मला उद्या विचार करावा लागेल."

सगळे माझ्याकडे बघत होते. कर्ट तिथे नव्हता, पण त्याचा मेहुणा होता, कप हातात धरून, न पिता. मला कळत होतं, या टेबलावर जे ठरेल ते दुपारपर्यंत चार गावांत जाईल आणि उद्या पेटीत पडेल.

मी म्हटलं, "मीच होतो."

"तू?"

"मी. लिओ आजारी आहे. घास भिजला असता. पंचांसमोर जायचं ते मी जाईन. आर्लनचा काही संबंध नाही."

सांगतो तुम्हाला, आयुष्यात इतकं सोपं काही बोललो नव्हतो. मार्वने डोकं खाजवलं. म्हणाला, "असं आहे होय. तू म्हणजे गॅरिट..." आणि त्याच्या आवाजात थोडा मानसुद्धा आला. मेहुण्याने कप खाली ठेवला. झालं होतं. आर्लनने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं त्याला येत होतं, सहा वर्षं विधानसभेत त्याने निम्मा वेळ तेच केलं होतं.

अर्ध्या तासाने तो आला. ओली टोपी झटकली, कॉफी ओतून घेतली. मार्व म्हणाला, "ये रे सिनेटर. तुझ्या भावाने सगळं कबूल केलं."

"काय कबूल केलं?"

"काल कोलाशचे गठ्ठे त्याने बांधले ते."

आर्लनने माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी म्हटलं, गप्प. डोळ्यांनी जितकं ओरडता येतं तितकं ओरडलो.

तो म्हणाला, "गॅरिट झोपला होता. मी बांधले."

मेहुण्याने कप परत उचलला. मग तो म्हणाला, "शनिवारचा शब्द दिला होता लिओला. शनिवारी मी मेळाव्यात बसून मोठ्या माणसाबरोबर जेवत होतो. म्हणून रविवार उजाडला."

मार्व म्हणाला, "आणि त्या वाद्यांच्या पोरांनी काय करायचं आता? माझा मुलगा ढोल वाजवायचा."

"त्याला माझ्याकडे पाठव. मी ऐकून घेईन."

"तो चाळिशीचा आहे, आर्लन. ओमाहाला असतो."

"मग मी फोन करतो."

आणि खरंच केला त्याने, त्याच दुपारी. पण ते नंतर. त्या वेळी मला काही ऐकू येत नव्हतं. वीस माणसांसमोर, ज्यांच्याबरोबर मी साठ वर्षं चर्चमध्ये गायलो, त्यांच्यासमोर माझ्या भावाने मला खोटारडा ठरवलं होतं. ज्याच्यासाठी मी शाळा सोडली त्याने! मी कॉफी तशीच टाकून पावसात बाहेर आलो. तो मागून आला.

"गॅरिट, थांब."

"तुझ्यासाठी बोललो मी!"

"कळलं मला."

"गप्प बसला असतास तर काय बिघडलं असतं? एक दिवस! फक्त उद्यापर्यंत!"

"आणि मग चार वर्षं तुझ्या खोटेपणावर बसून रविवार शिकवू लोकांना?"

मी पिकअपचं दार आपटलं आणि निघालो.

मंगळवारी मी मत दिलं आणि घरी आलो. निकाल काउंटीच्या कचेरीत संध्याकाळी लागला, मी गेलो नाही, रेडिओ ऐकला. नव्याने जोडलेली कॅथलिक गावं आर्लनला गेली, मोठ्या फरकाने. रोझमेरी कोलाश त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा रिपब्लिकन झाली, मतदान केंद्रात कागद भरून, कारण पक्षातल्या मतदानाला पक्षाचंच असावं लागतं, आणि दुसऱ्या दिवशी परत डेमोक्रॅट. पण आमची गावं, जिथे आजोबांनी चर्चचे दगड वाहिले, तिथे आर्लन पडला. एकूण दोनशे बारा मतांनी. हरल्यावर त्याने कर्टला फोन केला, अभिनंदन केलं, आणि सांगितलं की शेती समितीवर जा, तिथे कामाची माणसं आहेत. कर्ट फोनवर रडला म्हणे. हे कर्टनेच मला नंतर टायर बदलताना सांगितलं.

बुधवारी दुपारी थेल्माने मला न विचारता आर्लनला आणि त्याच्या बायकोला, जॉइसला, जेवायला बोलावलं. भाजलेलं गोमांस, बटाटे, हिरव्या शेंगा. मी ताटाकडे बघून जेवत होतो.

मग आर्लन म्हणाला, "रोझमेरीने चौतीस गठ्ठे मोजले. एकही भिजला नाही."

मी म्हटलं, "वा. चौतीस गठ्ठे. एका सिनेटच्या जागेला."

"गॅरिट," थेल्मा म्हणाली.

"काय गॅरिट? आपल्याच माणसांनी पाडला त्याला. आपल्या चर्चच्या माणसांनी! कोण ते मला कळलं ना, तर..."

"मी एक," थेल्मा म्हणाली.

मी काटा खाली ठेवला. "तू कर्टला मत दिलंस?"

"कर्टला कशाला देऊ? ती ओळ कोरी ठेवली." तिने बटाट्यांचं भांडं उचलून आर्लनपुढे धरलं. "माझी पोर कर्णा घेऊन रडत बसली होती, आर्लन, आणि मी तिला सांगितलं होतं की काका बरोबर आहे. पंचवीस वर्षं सांगत आले. काल माझा हात उठला नाही. घे, बटाटे घे."

आर्लनने बटाटे घेतले. दोन वेळा घेतले. जॉइसच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आर्लनच्या नाही. तो म्हणाला, "दुपारी झोपलेल्या माणसाचा बेलर मी न विचारता नेला, तेही आहेच." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "उद्या संध्याकाळी पंचांची बैठक आहे ना? मी जाणार आहे. तू येतोस का?"

"मी पंच आहे. मला यावंच लागेल."

"तसं नाही. माझ्या बाजूने बसायला."

त्याला काय म्हणायचं होतं ते कळायला मला पुरी रात्र लागली. खोटं बोललो होतो मी, वीस जणांसमोर, आणि चर्चचा पंच असून. ज्या टेबलामागे बसून मी दुसऱ्यांना विचारायचो, त्याच्या अलीकडे बसायची पाळी माझी होती. आणि खरं सांगतो, मला लाज वाटली ती खोट्याची नव्हे, लोक काय म्हणतील त्याची. शुक्रवारपर्यंत तीही गेली.

गुरुवारी सात वाजता आम्ही दोघं एकाच पिकअपमधून गेलो. ऊन अजून होतं. चर्चच्या तळघरात लांब टेबल, पाळक आणि सात पंच, आठवी खुर्ची माझी रिकामी. आम्ही समोर बसलो, शाळेतल्या पोरांसारखे.

माझं पाच मिनिटांत आटपलं. मी म्हटलं, "सोमवारी सोसायटीत मी खोटं बोललो. भावासाठी बोललो, पण खोटंच." पाळकांनी विचारलं, "वाईट वाटतं का?" म्हटलं, "वाटतं." त्यांनी प्रार्थना केली, सगळ्यांनी हात मिळवले. मार्व टिल्स्ट्रापण पंच होता, त्याने जरा जास्तच जोरात हात दाबला.

मग आर्लन. त्याचं पाऊण तास चाललं.

पाळक म्हणाले, "रविवारी शेतात काम केल्याबद्दल तुला पश्चात्ताप आहे का?"

आर्लन विचार करत बसला. मग म्हणाला, "मला पश्चात्ताप शनिवारचा आहे."

"शनिवारी काय केलंस?"

"भाषण केलं. मग जेवलो. शब्द दिला होता तो विसरलो नव्हतो, आठवत होता, तरी बसलो. ते पाप माझं आहे. ते लिहा."

"पण आर्लन, प्रश्न रविवारचा आहे."

"मला माहीत आहे. रविवारबद्दल मला वाईट वाटायला हवं, आणि मी चार दिवस प्रयत्न करतोय. होत नाही. होईल तेव्हा परत येऊन सांगेन. खोटं सांगत नाही, आमच्या घरात या आठवड्याचं तेवढं झालंय."

मार्व हसला, मग हसू दाबलं. पाळकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एक पंच म्हणाला की हे अर्धंच झालं. दुसरा म्हणाला की अर्धं खरं असेल तर बाकीचं देवावर सोडावं. तिसऱ्याने विचारलं की आजारी माणसाचा घास दयेच्या कामात बसतो का. त्यावर वाद लागला, अडलेल्या गाईंचे आणि बायबलातल्या विहिरीत पडलेल्या बैलाचे दाखले निघाले, आणि आर्लन त्यात तोंड न घालता मांडीवर हात ठेवून ऐकत राहिला. हरलेला माणूस असा बसत नाही. मी त्याच्याकडे बाजूने बघत होतो आणि मला राग शोधून सापडेना.

शेवटी पाळक म्हणाले, "लिहून घ्या." इतिवृत्त लिहिणाऱ्या पंचाने माझ्या नावापुढे झटकन दोन शब्द लिहिले. आर्लनच्या नावापुढे त्याने पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं.

"काय लिहू?" त्याने विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मी म्हणालो, "तो जे बोलला ते लिही. तसंच्या तसं." आणि आर्लनने पहिल्यापासून, सावकाश, त्याला परत सांगायला सुरुवात केली.